घरात जन्मलेला कॉकाटेल वेगळा, सातपुड्यातून आणलेला पोपट वेगळा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

कुठेतरी धाड पडते, पोपट जप्त होतात, पेपरात बातमी येते आणि मग दोन-तीन दिवस आम्हा पक्षीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच विषय, भाऊ आपले पण उचलून नेतील का. मी अमळनेरचा, गच्चीवर शेड करून बजरी, कॉकाटेल आणि थोडे सन कॉन्युर असे परदेशी पोपट पाळतो, त्यांची पिल्लं पण काढतो, म्हणून सांगतो की आपल्या खान्देशात या विषयात घरात जन्मलेले परदेशी पक्षी आणि रानातून धरलेले आपले पोपट या दोन एकदम वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीय आणि त्यात जीव जातोय तो रानातल्या पाखरांचा.

आधी परदेशी पक्ष्यांचं सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली, आणि वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले जिवंत प्राणी-पक्षी ज्यांच्या घरी आहेत त्यांना नोंदणी सक्तीची झाली. २८ फेब्रुवारी २०२४ ला नियम निघाले आणि परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंद करायला सहा महिने दिले. बजरी, कॉकाटेल आणि पीच-फेस लव्हबर्ड त्या यादीत नाहीत, पण फिशर लव्हबर्ड आहे, सन कॉन्युर आहे, मकाव आहे, आणि आफ्रिकन ग्रे पोपट तर २०१७ पासून सगळ्यात कडक अशा परिशिष्ट एकमध्ये आहे. ज्याच्याकडे फिशरच्या चार जोड्या आहेत त्याला हे माहितीच नसतं, त्याला वाटतं लव्हबर्डला कसले आलेत कागद. बरं एकदा नोंद केली की सुटलो असंही नाही, पिल्लं झाली, पक्षी मेला, कुणाला दिला तरी कळवावं लागतं.

कायदा चुकीचा आहे असं मी अजिबात म्हणत नाही, उलट तो हवाच होता, कारण कागद असले तरच घरात जन्मलेला पक्षी कुठला आणि चोरून आणलेला कुठला हे कळणार. पण आमच्यातली बरीच पोरं कॉलेजातली, त्यांनी पक्षी घेतला ओळखीतून, बिल नाही पावती नाही, आणि फॉर्मवर शास्त्रीय नाव टाकायचं म्हटलं की फोन बाजूला ठेवून देतात. वनखात्याने जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी एकेक दिवसाचं शिबिर लावावं, एक कॉम्प्युटरवाला बसवावा, लोक आपणहून येतील. आधार कार्डाची शिबिरं होतात, मग ही का होऊ नयेत?

पाळणाऱ्यांनीही जरा ऐकून घ्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या शेडमध्ये तर विचारूच नका, आणि अशात बारा महिने घरट्याची मटकी टांगून अंडी काढत राहणं म्हणजे मादीला मारणंच आहे, अंडं अडकून माद्या मरतात ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मार्च लागला की मटकी-पेट्या उतरवा, वाळ्याचे पडदे लावा, पाणी दोनदा बदला. आणि पंख न फुटलेलं पिल्लू हँडफीडच्या, म्हणजे हाताने भरवून वाढवायच्या, नावाखाली नवख्या माणसाला विकणं बंदच करा, भरवायचा फॉर्म्युला जास्त गरम झाला तर पिल्लाचं क्रॉप, म्हणजे गळ्याखालची अन्नाची पिशवी, आतून भाजतं, गार झाला तर तिथेच आंबतो, आणि त्या बिचाऱ्याला हे कळेपर्यंत पिल्लू गेलेलं असतं.

आता आपला हिरवा पोपट. साधा कीर, मोठा पहाडी, तुईया, हे सगळे कायद्याने संरक्षित आहेत, पकडणं, विकणं, विकत घेणं, घरात पाळणं सगळा गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तरी कुणाच्या ओट्यावर पिंजरा दिसला की लोक थांबून विचारतात, भाऊ, हाऊ पोपट बोलस का? तो बोलतो की नाही हे विचारतात, तो आला कुठून हे कुणी विचारत नाही. तो येतो झाडाच्या ढोलीतून, पिल्लं काढायला ढोली फोडतात नाहीतर फांदीच तोडतात, म्हणजे त्या वर्षाची पिल्लं तर गेलीच पण पुढच्या वर्षी घरटं करायला ती ढोलीही उरत नाही. आणि ढोली फक्त पोपटाला लागत नाही. रानपिंगळा हा घुबडाच्या जातीतला पक्षी १८८४ नंतर कुणाला सापडला नव्हता, संपला असंच समजत होते, तो १९९७ मध्ये आपल्या शहाद्याजवळच्या जंगलात परत दिसला, साऱ्या जगातल्या पक्षीतज्ज्ञांनी त्याची दखल घेतली. तो पण ढोलीतच अंडी घालतो. एवढा मोठा ठेवा आपल्या सातपुड्यात आहे आणि आपण पोपटाच्या हौशीपायी त्याची घरं फोडू देतो, याचं मला फार वाईट वाटतं.

सगळ्यात अवघड आहे ते चांगल्या मनाच्या माणसांचं. संक्रांतीला नायलॉन मांजात घुबड अडकतं, २०१७ पासून बंदी असूनही तो मांजा मिळतोच, केळीच्या बागेत बिबट्याचं पिल्लू दिसतं, कुणी मोराची अंडी उचलून कोंबडीखाली ठेवतं, आणि लोक प्रेमाने घरी नेतात. मग पाखराला दूध-पाव चारतात. पाखराला दूध पचत नाही हो! बिबट्याचं पिल्लू तर उचलायचंच नसतं, ते तिथेच राहू दिलं तर रात्री आई येऊन घेऊन जाते. आणि माणसाच्या हाताने मोठं झालेलं पिल्लू माणसाला भीत नाही, त्याला परत रानात कसं सोडणार? उत्तर प्रदेशात अमेठीच्या एका शेतकऱ्याने जखमी सारस जीव लावून बरा केला, माणूस मनाचा मोठाच, पण शेवटी २०२३ ला तो सारस कानपूरच्या प्राणीसंग्रहालयात गेला. कायद्याप्रमाणे असा जीव हातात आला की ४८ तासांत वनखात्याला नाहीतर पोलिसांना कळवायचं असतं, वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन आहे. हेमलकशाचा दाखला सगळे देतात, पण तिथे शिकारीत आई मेलेली पिल्लं आदिवासी आणून देत होते, तो आमटे कुटुंबाचा आयुष्यभराचा वसा आहे, हौस म्हणून गच्चीवर करायचं ते काम नाही.

अजून एक, आणि हे आम्हा पक्षीवाल्यांनी तरी विसरू नये. देशात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो २००६ ला आपल्या नवापूरला, लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, २०२१ ला परत तीच वेळ आली. रस्त्यावर सापडलेलं आजारी पाखरू आणून आपल्या शेडमध्ये ठेवणं किती धोक्याचं आहे हे खान्देशच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

पण लोकांना नुसतं घरी ठेवू नका म्हणून भागत नाही, मग न्यायचं कुठे? नागपूरला गोरेवाड्याला बचाव केंद्र आहे, पुण्याला कात्रजला आहे, इथून दोन्ही लांब, पंख तुटलेलं घुबड एवढा प्रवास सोसेल का? गावातला गुरांचा डॉक्टर भला माणूस असतो पण पाखराला किती औषध द्यायचं ते त्याला शिकवलेलंच नसतं. तेव्हा वनखात्याला आणि आपल्या तिन्ही जिल्ह्यांच्या आमदार-खासदारांना विनंती की सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल म्हणा, चोपडा म्हणा, शहादा म्हणा, एक उपचार केंद्र करा, पक्ष्यांचं कळणारा एक डॉक्टर द्या. राळा-बाजरी, पिंजरे, रात्रीची जाग, हे आम्ही पक्षीवाले आनंदाने देऊ. आणि साहेब, आपणही संक्रांतीच्या आठवड्यात तो १९२६ नंबर पहिल्या पानावर मोठ्या टाइपात रोज छापा एवढी विनंती.

आपला,
एक पक्षीपालक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)