बाबा, तो फॉर्म तुमच्यासाठी थांबायला हवा होता

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर रोज बोलतो आपण, तरी हे लिहायला बसले आहे. फोनवर मी घाईत असते आणि तुम्ही ते ओळखून लवकर ठेवता. परवा बाबांनी विचारलं, "तुझं शिक्षण संपत आलं, पण तू काय शिकलीस असं कुणी विचारलं तर मी काय सांगू?" मी "ॲपचं डिझाइन" म्हणून मोकळी झाले. फार तोकडं उत्तर होतं ते. शिवाय या दोन वर्षांत एक गोष्ट मनात साचत गेली आहे. ती तुमच्याशी बोलल्याशिवाय प्रबंध हातावेगळा करणं मला बरं वाटत नाही.

बाबा, मी इथे येण्याच्या आदल्या वर्षीचा तो ऑनलाइन फॉर्म आठवतो? नाव, पत्ता, जन्मतारीख, खाते क्रमांक, सगळं तुम्ही एकेक अक्षर शोधून भरलंत. मग कुठलासा क्रमांक हवा म्हणून कपाटाशी गेलात, चष्मा सापडेना, तो शोधून परत आलात तर पडद्यावर एवढंच होतं, तुमचं सेशन संपलं आहे. भरलेलं सगळं गेलं. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी तुम्ही मला फोन केलात आणि मी कामाच्या गडबडीत म्हणाले, "बाबा, किती सोपं आहे ते! जरा भराभर भरा ना." तुम्ही क्षणभर थांबलात आणि म्हणालात, "हो गं, माझंच चुकलं. हात हळू चालतो आता."

पहिल्याच सेमिस्टरमध्ये आम्हाला यूजेबिलिटी टेस्ट घ्यायला बसवलं. आपण बनवलेलं माणसासमोर ठेवायचं, एक काम सांगायचं आणि बघत राहायचं. वापरणाऱ्याने मनात येईल ते मोठ्याने बोलायचं, आपण मदत करायची नाही. सुरुवातीला एक वाक्य आवर्जून म्हणायचं असतं, "आम्ही तुमची परीक्षा घेत नाही, या स्क्रीनची घेतोय." माझ्यासमोर एक निवृत्त बाई होत्या. डॉक्टरांची वेळ ठरवायचं ॲप होतं, मी केलेलं. त्यांनी सगळं नीट भरलं आणि 'पुढे' हे बटण दाबलं. काही झालं नाही. त्यांनी ते जरा जोरात दाबलं. मग हळूच, बोटाच्या टोकाने. मग फोन टेबलावर ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटाने. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते, नाहीतर पुढे होऊन मीच दाखवलं असतं. जन्मतारखेचा रकाना कीबोर्डखाली सरकला होता, तो रिकामा होता, म्हणून बटण राखाडी पडलं होतं. का पडलंय हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते लिहिणं माझं काम होतं.

रात्री रेकॉर्डिंग ऐकून शब्दन् शब्द उतरवून काढला. वीस मिनिटांत त्या सात वेळा म्हणाल्या होत्या, "माझंच काहीतरी चुकतंय." परीक्षा तुमची नाही असं मी सुरुवातीलाच सांगितलं होतं, तरीही. पाचव्या की सहाव्या वेळी मला तो आवाज तुमचा वाटला, बाबा. रेकॉर्डिंग थांबवून बराच वेळ तशीच बसले.

मग विषयाचा इतिहास शिकवायला लागले तेव्हा कळलं, की या सगळ्या विद्येचा जन्मच त्या वाक्यातून झालाय. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमानं नीट उतरायची आणि उतरल्यावर वैमानिक चाकंच वर ओढून घ्यायचे. विमान पोटावर बसायचं. नोंद व्हायची, वैमानिकाची चूक. १९४३ मध्ये अल्फॉन्स चॅपानिस हा मानसशास्त्रज्ञ कॉकपिटमध्ये जाऊन बघतो तर चाकांचं बटण आणि पंखांच्या झडपांचं बटण शेजारीशेजारी, दिसायला अगदी सारखी. थकलेला माणूस अंधारात दुसरं काय करणार? त्याने एकावर चाकाच्या आकाराची मूठ बसवली आणि दुसऱ्यावर पाचरीसारखी, न बघता हाताला कळावी अशी. चाकं मिटवण्याचे अपघात थांबले. वैमानिक तेच होते.

दुसरी गोष्ट २८ मार्च १९७९ ची, अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातल्या अपघाताची. एक झडप उघडी अडकून राहिली होती आणि थंड ठेवणारं पाणी निसटत होतं. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र झडप बंद असल्यासारखा विझलेला होता. तो दिवा झडपेची स्थिती दाखवतच नव्हता, झडपेला बंद होण्याचा हुकूम गेला एवढंच दाखवत होता. दोष आधी ऑपरेटरांवर आला. पुढे चौकशीत मदतीला बोलावलेल्यांत डॉन नॉर्मन हे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांचं मत पडलं, की माणसांना चुकायला लावायचंच असतं तर याहून चांगली खोली बांधता आली नसती. हेच नॉर्मन १९९३ मध्ये ॲपल कंपनीत गेले आणि आपल्या हुद्द्यात त्यांनी 'यूजर एक्सपीरियन्स', म्हणजे वापरणाऱ्याचा अनुभव, हा शब्द घातला. माझ्या पदवीवर तोच शब्द छापून येणार आहे. तेव्हा बाबा, कुणी विचारलं तर सांगा, माणूस चुकला असं सगळे म्हणतात तिथे जाऊन, त्याला चुकायला कशाने लावलं ते शोधायला ती शिकली.

आई, तुझ्यासाठीही एक गोष्ट ठेवली आहे. पॅट्रिशिया मूर नावाची डिझाइनर सव्वीस वर्षांची होती. फ्रिजच्या दाराविषयी बैठक चालली होती. संधिवाताने हात आखडलेल्या माणसाला हे दार उघडेल का, असं तिने विचारलं तर, तशा लोकांसाठी आपण काम करत नाही, असं उत्तर मिळालं. मग १९७९ ते १९८२ या काळात ती ऐंशी वर्षांच्या बाईचं सोंग घेऊन अमेरिका आणि कॅनडातल्या शंभराहून अधिक शहरांत फिरली. नजर धूसर करणारा चष्मा, कानांत बोळे, सांधे बांधून टाकलेले. बसच्या पायऱ्या चढली, दुकानांची दारं ढकलून पाहिली. लोक तिच्याशी कसे वागतात तेही तिने सोसलं. मी चोवीस तासदेखील असं राहिलेली नाही. हातमोजे घालून दोन तास फोन वापरून पाहिला आणि दुसऱ्याच मिनिटाला चिडले. तू बोटं दुखत असताना न चिडता मला मेसेज लिहितेस, तेही पूर्ण शब्दांत.

आता 'इनोव्हेशन'चं सांगते, कारण बाबांना वाटतं मी काहीतरी यंत्र शोधून काढणार. मलाही तसंच वाटत होतं. प्रबंधासाठी मी बोलून फॉर्म भरून देणारा मदतनीस करायचं ठरवलं. तो खरोखर बनवायच्या आधी, माणसांना तो हवा आहे का हे तपासायची एक युक्ती असते. पडद्यामागे वर्गातला मित्र बसला आणि यंत्र म्हणून तोच उत्तरं देत होता. समोरच्यांना ते नंतर सांगितलं, त्यांची लेखी संमती आधीच घेतलेली होती. मुलाखतींतलं एकेक वाक्य पिवळ्या चिकट चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीवर लावलं. व्हिडिओ कॉलवर तुम्ही ज्या भिंतीबद्दल विचारलंत ती हीच. जिरो कावाकिता या जपानी मानववंशशास्त्रज्ञाची ही रीत. गट आधी ठरवायचे नाहीत, चिठ्ठ्या हलवत राहायचं, जवळच्या जवळ येतात. चार दिवस हलवल्यावर एका कोपऱ्यात जो ढीग झाला त्यात बोलणाऱ्या यंत्राचं नावही नव्हतं. "मी कागद शोधायला उठलो." "दारावरची बेल वाजली." "एकदा वाचून पाहावं म्हटलं." "तेवढ्यात गेलं."

त्यांना नवीन काही नको होतं. फॉर्मने थोडं थांबावं, एवढंच हवं होतं.

मी मदतनीस मोडीत काढला. सहा महिन्यांचं काम होतं, जड गेलं. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "हाच तुझा प्रबंध." मग नियम वाचायला घेतले आणि थक्क झाले. वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियम आहेत. त्यांत डिसेंबर २००८ पासून लिहिलेलं आहे, की काही अपवाद सोडले तर वेळेची मर्यादा माणसाला बंद करता किंवा वाढवता आली पाहिजे. निदान ती संपण्याआधी त्याला सावध करावं, किमान २० सेकंद द्यावेत, साध्याशा कृतीने वेळ वाढवू द्यावी, आणि हे किमान दहा वेळा करू द्यावं. हा अगदी खालच्या पायरीचा नियम आहे, एवढं तरी असावंच असा. तुम्ही चष्मा शोधत होतात तेव्हा तो लिहून कितीतरी वर्षं झाली होती. सुरक्षेसाठी सेशन बंद करावं लागतं, ते मला मान्य आहे. पण भरलेलं जपून ठेवून, ओळख पटल्यावर परत समोर ठेवता येतं. मी आता केलेला फॉर्मचा नमुना तेच करतो. परत आलात की म्हणतो, "तुम्ही इथपर्यंत आला होतात," आणि शेवटचा भरलेला रकाना उजळून दाखवतो.

आम्हाला शिकवतात, की पाच जणांबरोबर चाचणी घेतली तर बहुतेक अडचणी सापडतात. याकोब नील्सन या यूजेबिलिटी तज्ज्ञांचा हा हिशेब फार प्रसिद्ध आहे. पण ते पाचही माझ्या वयाचे असतील तर तुमची अडचण पन्नासांतही सापडणार नाही, असं माझं मत झालंय, आणि तोंडी परीक्षेत मी ते भांडून मांडणार आहे.

बाबा, त्या दिवशी फोनवर तुम्ही "माझंच चुकलं" म्हणालात आणि मी ते खोडून काढलं नाही. तुमचं काही चुकलं नव्हतं. तुम्ही प्रत्येक रकाना बरोबर भरला होता, तिन्ही वेळा. चुकले मी, भराभर करा म्हणाले म्हणून. मला माफ करा.

पुढच्या महिन्यात घरी येते आहे. माझा नमुना तुमच्या दोघांसमोर ठेवायचाय. मी शेजारी बसेन, काही सांगणार नाही, बोट तर मुळीच लावणार नाही. मध्येच उठून चष्मा शोधायला जा, आईशी गप्पा मारत बसा, तासाने परत या. आणि आई, जे खटकेल ते स्पष्ट सांग, मुलीने केलंय म्हणून छान म्हणू नकोस.

तुमची,
लेक

ता. क. हे पत्र मुद्दाम मोठ्या अक्षरांत छापून पाठवते आहे. तरी बारीक वाटलं तर तसं सांगा, पुढचं आणखी मोठं छापेन.