गार्ड रिंग घडवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

प्रबंधातलं आभाराचं पान भरताना तुमच्या वाट्याला एकच ओळ आली: ‘वर्कशॉपमधील सहकार्याबद्दल’. ती मला फार अपुरी वाटते, म्हणून हे उघड पत्र लिहिते आहे. प्लास्टिकमधून वीज जात नाही, एवढंच शाळेत शिकलेल्यांनीही ते वाचावं अशी इच्छा आहे.

वीज जाते, पण फारच थोडी. माझी पॉलिएस्टरची फिल्म २५ मायक्रॉन जाडीची, दोन्ही अंगांना ५ चौरस सेंटिमीटरचा ॲल्युमिनियमचा थर. फिल्मची रोधकता, म्हणजे वीज अडवण्याची ताकद, १ वर १५ शून्यं इतके ओहम-मीटर धरली, तर १०० व्होल्टला करंट येतो २ पिकोॲम्पियर. एक ॲम्पियरचा पन्नास हजार कोटीवा हिस्सा! त्याच्यापुढे बाकी सगळंच दांडगं ठरतं: काठावरची ओल, बोटाचा घाम, जरा हललेली केबल. इलेक्ट्रोमीटर, म्हणजे असा सूक्ष्म करंट मोजणारं यंत्र, आकडा दाखवतो, तो करंट कुठून आला हे सांगत नाही. पहिल्याच आठवड्यात तुम्ही म्हणालात, “मॅडम, आधी रिकामा सेल मोजा.” सेल म्हणजे फिल्म धरून ठेवणारा मोजणीचा साचा. सॅम्पल न लावता जे येतं ते सॅम्पलचं नाही, हे इतक्या थोडक्यात मला दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं.

मग तुम्ही गार्ड रिंग केलीत. करंट गोळा करणाऱ्या मधल्या चकतीभोवती, तिला न टेकणारं पितळेचं कडं. चकती आणि कडं एकाच पातळीच्या व्होल्टेजवर ठेवली की त्या दोघांमध्ये करंट वाहायला कारणच उरत नाही. पृष्ठभागावरून ओघळणारा करंट कडं परस्पर जमिनीकडे नेतं आणि फिल्मच्या पोटातून आलेला तेवढा मीटरकडे जातो. पुस्तकात हे एका आकृतीत संपतं. लेथवर ती फट सगळीकडे सारखी राखणं, टेफ्लॉनचे आधार स्पिरिटने पुसून हात न लावता बसवणं, थर चढवायच्या मास्कलाही त्याच मापाची फट देणं, हे पुस्तकात नाही. पावसाळ्यातही आमची रीडिंग टिकली, ती या कामामुळे आणि सेलखाली तुम्ही बसवलेल्या व्हॅक्यूम लाइनमुळे.

केबलचं तर मला ठाऊकच नव्हतं. केबल वाकली की आतलं रोधक आणि जाळी एकमेकांवर घासतात, त्या घर्षणातून चार्ज सुटतो आणि मीटरवर खऱ्या करंटसारखाच दिसतो. तुम्ही ती वीतभर अंतरावर टेबलाला क्लॅम्प केलीत. माझी मोजणी चालू असताना लेथही बंद ठेवत होता, स्वतःचं काम खोळंबलं तरी.

आणि मोजणी संपता संपत नसे. व्होल्टेज लावल्यावर पॉलिमरमधला, म्हणजे लांब साखळ्यांच्या रेणूंच्या अशा प्लास्टिकमधला, करंट एकदम स्थिर होत नाही. तो काळाबरोबर हळूहळू उतरत राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॅक क्युरी यांनी आणि १९०७ मध्ये फॉन श्वाइडलर यांनी हे नोंदवलं होतं. म्हणून एका मिनिटानंतरचा आकडा घ्यायची रीत पडली, पण ती रीतच. आमची फिल्म तासन्‌तास उतरत होती. त्या रात्री विभागाची किल्ली तुमच्याकडे होती आणि तुम्ही कधी घाई केली नाहीत.

त्याच सेलवर पुढे तापवून मोजलं. फिल्मला गरम असताना व्होल्टेज द्यायचं, तसंच थंड करायचं, मग व्होल्टेज काढून ठरावीक वेगाने पुन्हा तापवायचं. आत अडकलेला चार्ज सुटू लागतो आणि करंटची शिखरं उमटतात. पॉलिएस्टरमध्ये ८० अंशांच्या आसपास रेणूंच्या साखळ्या सैल होतात, तिथलं शिखर मुख्यतः द्विध्रुवांचं, म्हणजे एक टोक धन आणि एक ऋण असलेल्या रेणूंच्या भागांचं. त्याच्या वरचं शिखर अडकलेल्या चार्जचं. ही दोन वेगळी दिसायची तर तापमान धक्के न खाता चढायला हवं. तुमचा हीटर ब्लॉक तसा चढला.

हे सगळं कशासाठी, असं घरचे विचारत. कुडूसहून मुंबईत आरेपर्यंत डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, वीज आणण्याच्या प्रकल्पात वाटेचा काही भाग जमिनीखालच्या केबलचा आहे. अशा डीसी केबलच्या पॉलिमरमध्ये चार्ज साठत गेला तर आतलं विद्युतक्षेत्र बदलतं, ठिकाणी ठिकाणी वाढतं आणि रोधक फुटू शकतं. उलट मायक्रोफोनमध्ये हाच अडकलेला चार्ज हवासा असतो. सेसलर आणि वेस्ट या संशोधकांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये पातळ फिल्मचा मायक्रोफोन केला, तो याच गुणावर. चार्ज कुठे अडकतो, किती वेळ अडकतो आणि कशाने सुटतो, हे मोजल्याशिवाय दोन्हीकडे काम चालत नाही.

म्हणून सांगते, माझ्या आलेखांमधला प्रत्येक बिंदू निम्मा तुमचा आहे. मी फिल्म निवडली, गणित मांडलं. बाकीचे सगळे करंट दूर ठेवून फिल्मचा करंट माझ्यापर्यंत पोचवलात तुम्ही.

सेलची ड्रॉइंग्ज मी प्रबंधाच्या परिशिष्टात घातली आहेत, मापांसकट, आणि ‘रचना व घडण’ याखाली तुमचं पूर्ण नाव आहे. पुढच्या महिन्यात नव्या बॅचची मुलगी पॉलिप्रोपिलीन घेऊन येतेय. तिला पातळ फिल्मसाठी लहान चकती लागेल. निवृत्तीनंतरही एखादा दिवस वर्कशॉपला याल का?

आपली,
तुमची ‘मॅडम’