वाफेची नळी बोटभर अंतरावर

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला वाफेवर गाडी धुण्याविषयीचा लेख वाचला. पाणी वाचते हे शंभर टक्के मान्य. नळी लावून धुतले की शंभर-दीडशे लिटर सहज जातात, वाफेच्या यंत्राचे आठ-दहा लिटरमध्ये भागते. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकर येतात, तेव्हा हा फरक आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. पण ‘रंगाला कोणताही धोका नाही’ हे वाक्य तुम्ही चौकटीत ठळक छापलेत, ते पाहून मात्र राहवले नाही.

गेल्या जूनमध्ये याच भरवशावर मी गाडी एका वॉशिंग सेंटरला नेली. पुढचा बंपर दोन वर्षांपूर्वी घासला गेला होता, तो गॅरेजमध्ये रंगवून घेतलेला. त्यावर डांबराचे शिंतोडे वाळून बसले होते. वाफ मारणारा मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा, कामाला मन लावणारा. डांबर निघेना म्हणून त्याने नळीचे तोंड बंपरपासून बोटभर अंतरावर आणले आणि एकाच जागी धरून ठेवले. दहा-बारा सेकंद असतील. डांबर मऊ होऊन ओघळले, मी शेजारी उभा राहून खूशही झालो. त्याने फडके फिरवले आणि त्यासरशी रंगाची तळहाताएवढी पापडी सुटून आली. खाली काळे प्लास्टिक. तो पोरगा इतका घाबरला की मलाच त्याला धीर द्यावा लागला.

मालक म्हणाले, ‘काका, रंगच कच्चा होता.’ होताच कच्चा! कारखान्यात पत्र्यावरचा रंग साधारण 140 अंशांच्या भट्टीत भाजून पक्का करतात. गॅरेजमध्ये फार तर साठ-सत्तर अंश, आणि कित्येक ठिकाणी नुसता उन्हात वाळवतात. यंत्राच्या बॉयलरमधली वाफ दीडशे अंशांच्या आसपास असते. बाहेर पडल्यावर ती झपाट्याने निवते, वीतभर अंतरावर तिचा दाह बराच उतरलेला असतो. म्हणजे सगळा प्रश्न अंतराचा आणि हात हलता ठेवण्याचा. हे त्या मुलाला कुणी शिकवले नव्हते. गाडी आत घेताना ‘कुठे रंगकाम झालंय का, काचेला टवका गेलाय का’ एवढे विचारायला किती वेळ लागतो? गार काचेवर एकदम वाफ बसली तर टवक्यातून चीर धावू शकते.

पावसाळ्यातल्या चिखलाचेही तेच. वाफेत पाणी इतके थोडे की माती वाहून जात नाही, फडक्याखाली रगडली जाते. रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, त्यावर बारीक गोल ओरखडे उठतात आणि ते उन्हातच दिसतात. चिखलाची गाडी आधी साध्या पाण्याने धुवावीच लागते, याचा लेखात उल्लेख नाही. उलट उघड्या बॉनेटमध्ये वाफ मारतानाचा फोटो आहे. फ्यूज बॉक्स, इग्निशन कॉइल, वायरिंगचे जोड यांत ओल शिरली की गाडी झटके खाते.

मी वाफेच्या विरोधात नाही. नातीने मागच्या सीटवर दूध सांडले होते, तो आंबूस वास महिनाभर जात नव्हता, तो वाफेनेच गेला. आतल्या कामाला मी आजही वाफच सांगतो.

आता जाता जाता. ते डांबर गाडीवर आले कुठून? आमच्या रस्त्यावरचे खड्डे ऐन पावसात बुजवतात. ओल्या खड्ड्यात ओतलेले डांबर आठ दिवसांत सुटते आणि खडीसकट गाड्यांवर उडते. त्याविषयी मी गेल्या वर्षी आपल्याला पत्र पाठवले होते, ते छापून आले नाही. त्याचे मला वाईट वाटले.

बंपर पुन्हा रंगवायला साडेचार हजार गेले. सेंटरने धुण्याचे पैसे तेवढे परत केले. निदान त्या चौकटीची दुरुस्ती छापा, तीही तितक्याच ठळक अक्षरांत. पुढच्या रविवारी तो लेख वाचून आमच्याच इमारतीतले दोघे गाड्या घेऊन निघाले आहेत, आणि त्यातल्या एकाचा दरवाजा गेल्याच महिन्यात रंगवलेला आहे.

आपला नियमित वाचक,
कोथरूड, पुणे