'ऑप्शनल' रकाना रिकामा ठेवायलाही शिका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील महाविद्यालयांसाठीचा 'कॉमन अॅप' हा सामायिक अर्ज दरवर्षी 1 ऑगस्टला खुला होतो आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांत एक वाक्य फिरू लागते : 'ऑप्शनल म्हणजे कंपल्सरीच समजा.' परदेशी शिक्षणावरच्या लेखांतही ते हमखास भेटते. ते अर्धेच खरे आहे. उरलेल्या अर्ध्यापायी बारावीतल्या मुलांचे ऐन अभ्यासाचे दोन महिने व्हिडिओ आणि पोर्टफोलिओ यांत जातात, म्हणून हे पत्र.

या अर्जांत 'ऑप्शनल' म्हणून दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे दीडशे ते अडीचशे शब्दांचे लेखी प्रश्न. तिथे सांगण्यासारखे काही असेल तर लिहावे. आळसापोटी कोरा सोडलेला रकाना चांगला दिसत नाही. दुसरी म्हणजे सर्जनशील सामग्री : गायन-वादन, चित्रे, नृत्य, कविता, स्वतः बनवलेली यंत्रे. ही बहुधा 'स्लाइडरूम' या वेगळ्या संकेतस्थळावरून जाते. ती पुष्कळदा प्रवेश कार्यालयात न थांबता त्या विषयाच्या प्राध्यापकांपुढे ठेवली जाते. म्हणजे तुमच्या मुलीचे गाणे ऐकणारी व्यक्ती संगीत विभागातली असू शकते. स्नेहसंमेलनातले टाळ्यांचे गाणे तिथे पाठवले, तर 'बेताचे' एवढाच शेरा मिळणार, आणि तो शेरा फाइलला चिकटतो. येल विद्यापीठ तर सरळ सांगते की बहुतेक अर्जांना अशा जादा सामग्रीची गरज नसते. आपण मात्र ते वाक्य विनयाचे समजून सोडून देतो.

व्हिडिओचे खूळ नवे नाही. टफ्ट्स विद्यापीठाने 2009-10 च्या प्रवेशफेरीत एक मिनिटाचा ऐच्छिक व्हिडिओ मागवला; सुमारे 15,000 अर्जदारांपैकी जेमतेम हजारेक जणांनी तो पाठवला. शिकागो विद्यापीठाने 2018 मध्ये दोन मिनिटांच्या ऐच्छिक व्हिडिओ-परिचयाची सोय केली, तीही फार सफाईची अपेक्षा न ठेवता. आपल्याकडे यातून एक धंदाच उभा राहिला आहे : ड्रोनमधून इमारतीचे दृश्य, मागे पियानो, ब्लेझरातला मुलगा आणि पाठ केलेले इंग्रजी. वाचणाऱ्याला यातून मुलाचा स्वभाव कळत नाही, पालकांचे बजेट कळते. असा व्हिडिओ करायचाच तर फोन खिडकीसमोर उभा करावा, पहिल्या दहा सेकंदांत नाव-गाव-गुण न सांगता मुद्द्याला हात घालावा, आणि अर्जात इतरत्र आलेले काहीही पुन्हा बोलू नये. हीच खरी चाळणी आहे : अर्जात नसलेली कोणती गोष्ट यातून कळते? उत्तर सुचत नसेल तर रकाना रिकामा ठेवावा.

अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविद्यापीठाने 2013 मध्ये 'मेकर पोर्टफोलिओ', म्हणजे स्वतः बनवलेल्या वस्तू दाखवण्याचा ऐच्छिक भाग, सुरू केला. त्यात क्लासमधल्या किटपासून जोडलेली, काळ्या पट्टीवरून धावणारी गाडी कितीही चकचकीत दाखवली तरी उपयोग नाही; ती शेकडो मुलांकडे असते. त्याऐवजी कुंडीतल्या मातीचा ओलावा मोजून पंप चालू करणारे साधे यंत्र घ्या. स्वस्तातल्या सेन्सरच्या दोन धातूच्या पट्ट्यांतून सतत वीज वाहत राहिली की विद्युत-अपघटनाने एक पट्टी काही आठवड्यांत खाल्ली जाते आणि आकडे भरकटतात. ज्या मुलाने ती गंजलेली पट्टी जपून ठेवली, तिचा फोटो लावला, मग फक्त मोजमापाच्या क्षणापुरती वीज देण्याचा बदल केला आणि आधीचे-नंतरचे आकडे शेजारी मांडले, त्याने आपण विचार कसा करतो हे दाखवले. पहिला बिघडलेला नमुना, हाताने काढलेला सर्किटचा आराखडा, कोणता भाग स्वतःचा आणि कोणता कुणाकडून घेतलेला याची स्पष्ट नोंद, हे सगळे हवे. काकांच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून घेतले असेल तर तसे लिहावे. लपवले की संशय बाकीच्या कामावरही जातो.

सर्वाधिक घोळ होतो तो हिंदुस्तानी संगीताच्या रेकॉर्डिंगमध्ये, आणि महाराष्ट्रातली मुले सर्वाधिक पाठवतात तेही हेच. अडचण गणिताची आहे. बहुतेक ठिकाणी काही मिनिटांचीच मर्यादा असते. विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, एकतालात एक मात्रा (तालातला एक ठोका) पाच सेकंदांची धरली तर बारा मात्रांच्या एका आवर्तनालाच, म्हणजे तालाच्या एका फेरीलाच, मिनिट लागते. पाच मिनिटांत पाच आवर्तने. बढत, म्हणजे रागाचा विस्तार, सुरू होईतो वेळ संपतो. तेवढ्याच वेळात मिनिटाला 120 मात्रांच्या लयीतल्या, सोळा मात्रांच्या त्रितालाची सदतीस आवर्तने होतात. म्हणून मुख्य चीज मध्यलयीची घ्यावी : पाऊण मिनिट आलाप, दीड मिनिट स्थायी-अंतरा, मग बंदिशीच्या शब्दांवरचा बोलआलाप, शेवटी दोन-तीन स्वच्छ ताना आणि तिहाई (तोच तुकडा तीनदा) घेऊन समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. दुसरी चीज मागितली असेल तर ती वेगळ्या प्रकृतीची द्यावी. यमननंतर भूप देण्यापेक्षा एखादे नाट्यगीत किंवा अभंग बरा. तबलावादकांनी सुरुवातीचा संथ पेशकार आवरता घ्यावा, एक कायदा (ठरावीक बोलांची रचना) चार-पाच पलट्यांसह, म्हणजे त्याच बोलांच्या फेरमांडण्यांसह, नीट वाजवावा, आणि लेहरा (आवर्तन दाखवणारी, साथीला सतत वाजणारी सुरावट) ठळक ऐकू येईल असे पाहावे. लेहरा ऐकूच आला नाही तर तालाची ओळख नसलेल्या श्रोत्याला सम कुठे आली हे कळायला मार्ग उरत नाही, आणि मग चक्रदार (तिहाईसह तीनदा वाजवायचा तुकडा) कितीही अचूक असला तरी तो नुसता कडकडाट वाटतो.

रेकॉर्डिंगमध्ये फोनच घात करतो. आवाज साफ करणारी त्याची सोय एकसारख्या चालणाऱ्या नादाला गोंगाट समजते. पंख्याबरोबर तानपुराही गाळून टाकते. शिवाय आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त होत राहिल्याने वरचा षड्ज लागताच मागचे सगळे दबते आणि मुलगी बेसुरी नसतानाही अधांतरी गाते आहे असे भासते. ही सोय सेटिंगमध्ये बंद करावी. होत नसेल तर आवाज वेगळ्या साध्या रेकॉर्डरवर घ्यावा आणि एकदा टाळी वाजवून चित्र-ध्वनी जुळवून घ्यावेत. डग्ग्याचा घुमारा फोनच्या माइकला पेलत नाही, म्हणून तबल्यासाठी तर वेगळा माइक हवाच. कॅमेरा पाच-सहा फुटांवर, जरा उंच, दोन्ही हात दिसतील असा. पंखा बंद, पडदे ओढलेले, फोन विमान-मोडवर. मधे काटछाट अजिबात करू नये. छोटी चूक राहिलेली सलग फेरी जोडकामापेक्षा केव्हाही बरी. पुण्यात राहणाऱ्यांनी हे काम जूनमध्ये उरकावे. नंतर संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात, आणि 1 नोव्हेंबरची लवकरच्या अर्जांची मुदत दिवाळीच्या आगेमागे येते. फटाक्यांत कसले रेकॉर्डिंग!

सोबतची टीप दोन-तीन ओळींची असावी : राग, ताल, बंदिशीचा प्रकार, साथीला कोण, शिक्षण किती वर्षे. 'विशारद' हा शब्द परदेशी वाचकाला काहीच सांगत नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा असतात, त्यातली कितवी झाली हे अंकात लिहावे. अर्जात उपक्रमाच्या वर्णनासाठी मिळणाऱ्या 150 अक्षरांत ते बसते. गुरूंचे शिफारसपत्र घ्यायचे असेल तर 'कॉमन अॅप'मध्ये इतर शिफारसदारांसाठी जागा असते. मात्र ती घ्यायची की नाही हे महाविद्यालय ठरवते. गुरुजी इंग्रजी लिहीत नसतील तर त्यांनी मराठीत सांगावे, भाषांतर शाळेतल्या शिक्षकांनी करावे आणि तसे खाली नमूद करावे. पत्र विद्यार्थ्यानेच लिहून गुरुजींची नुसती सही घेण्याची पद्धत सर्रास आहे. ती भाषेवरून ओळखू येते.

मराठी कविता पाठवणाऱ्यांनी मूळ आणि स्वतःचे इंग्रजी भाषांतर समोरासमोर द्यावे आणि पीडीएफ दुसऱ्याच्या संगणकावर उघडून पाहावी. फॉन्ट फाइलमध्ये अंतर्भूत केला नसेल तर जोडाक्षरे तुटतात किंवा नुसते चौकोन दिसतात.

शेवटचा गोंधळ पाठवण्याचा. अर्ज दाखल झाला म्हणजे स्लाइडरूमवरची सामग्री गेली असे नाही. ते वेगळे दाखल करावे लागते आणि त्याची मुदतही वेगळी असू शकते. मुदतीच्या वेळेपुढे कोणता प्रमाणवेळ लिहिला आहे तेही पाहावे. यूट्यूबचा दुवा द्यायचा असेल तर व्हिडिओ 'प्रायव्हेट' न ठेवता 'अनलिस्टेड' ठेवावा. शाळेच्या खात्यावरून गूगल ड्राइव्हवर ठेवलेली फाइल पुष्कळदा शाळेबाहेरच्यांना उघडतच नाही. दुवा एकदा लॉग-आउट करून दुसऱ्याच फोनवर तपासावा आणि निकाल लागेपर्यंत ती फाइल हलवू नये, तिचे नावही बदलू नये.

आपला,
प्रवेश-अर्जांच्या मार्गदर्शनाचे काम करणारा एक वाचक, पुणे