वादळ 'कमकुवत' झालं, पण त्याचा गाभा?

मा. पृथ्वी विज्ञान मंत्री, भारत सरकार यांस,
सादर नमस्कार.

'गुलाब' चक्रीवादळ 26 सप्टेंबर 2021 ला आंध्रातल्या कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आलं. दुसऱ्या दिवशी बातमी आली, वादळ कमकुवत झालं. उमरखेडकडे आमच्या सोयाबीनची सवंगणी झाली होती. भावाने नागपूरला फोन करून विचारलं, गंजीवर ताडपत्री टाकू का? मी भूगोल शिकवतो, म्हणून माझ्या शब्दाला घरात मान. म्हटलं, वादळ संपलं, राहू दे. 28 तारखेला त्याच तालुक्यात दहागावच्या नाल्याला पूर आला आणि नांदेडहून नागपूरकडे येणारी एसटी वाहून गेली. आमच्या गंजीतल्या शेंगांना कोंब फुटले. तेच वादळ पुढे अरबी समुद्रात उतरलं, 'शाहीन' झालं आणि ओमानवर धडकलं.

'कमकुवत' हा शब्द फक्त वाऱ्याचा वेग सांगतो. वादळाचा गाभा, म्हणजे मधला भाग, कसा आहे, हे त्यातून कळत नाही. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ रॉबर्ट हार्ट यांनी 2003 साली मांडलेला फेज डायग्राम नेमकं तेच दाखवतो. गाभा भोवतालच्या हवेपेक्षा उबदार की थंड, हे खालच्या थरात (साधारण एक ते चार किलोमीटर) आणि वरच्या थरात वेगवेगळं मोजतात. तिसरं माप म्हणजे वादळाच्या वाटेच्या डाव्या-उजव्या अंगाच्या तापमानातला फरक. या मापांवरून आलेखावर दर काही तासांनी एक ठिपका. फळ्यावर हे ठिपके जोडून दाखवले की अकरावीच्या मुलांनाही कळतं, वादळ कोणत्या कोपऱ्यातून कुठे सरकतंय. आपल्याकडे पावसाळ्यात ओडिशाकडून येणारी डिप्रेशन (कमी दाबाची, चक्रीवादळाहून सौम्य वादळं) बहुतेक खाली थंड आणि वर उबदार असतात. समुद्री चक्रीवादळाचा गाभा खालपासून वरपर्यंत उबदार. ठिपका एका कोपऱ्यातून दुसऱ्यात सरकला की वादळाची जात बदलली. किती मिलिमीटर पाऊस पडेल हे मात्र या आकृतीतून निघत नाही. त्यासाठी मॉडेल आणि रडार लागतातच.

नागपूरला प्रादेशिक हवामान केंद्र आहे. बंगालच्या उपसागरातलं वादळ विदर्भाकडे वळलं की या केंद्राने रोजच्या अंदाजासोबत ही आकृती, पुढच्या तीन दिवसांच्या ठिपक्यांसह, मराठीत द्यावी. खाली दोन ओळी पुरेत: गाभा अजून टिकून आहे का, आणि वादळ पुन्हा समुद्राकडे निघालंय का. किनारा ओलांडल्यावरही ती रोज निघावी. सप्टेंबरअखेर, सोयाबीन शेतात पडलेलं असताना, तिची सर्वात जास्त गरज असते. यंदाच्या सवंगणीआधी तसा आदेश काढावा, ही विनंती.

आपला,
नागपुरातला एक भूगोल शिक्षक