बोलणं सोडू नकोस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं, दोनदा वाचलं. मुलाच्या दप्तरात सिगारेट सापडली, तू त्याला फैलावर घेतलंस, आणि त्याने काही न बोलता नुसतं तुझ्या शर्टाच्या खिशाकडे बघितलं. ‘आता कुठल्या तोंडाने सांगू?’ असं विचारून तू यापुढे या विषयावर गप्प बसायचं ठरवलंयस. ते वाचून राहवलं नाही.

ती नजर मला ठाऊक आहे. माझी लेक नुकतीच गाडी शिकली. चालवताना फोनला हात लावायचा नाही, हे मी तिला इतक्यांदा बजावलंय की तिला ते पाठ झालंय. गेल्या महिन्यात मी चालवत होतो, ती शेजारी. सिग्नलला थांबलो, कामाचा मेसेज आला आणि मी फोन मांडीवर धरून उत्तर टाइप करायला लागलो. मागून हॉर्न वाजला. ती हळूच म्हणाली, “बाबा, हिरवा लागलाय.” एवढंच. मग तिने मान खिडकीकडे वळवली आणि घर येईपर्यंत कुणी बोललं नाही. ती भांडली असती तर ‘अर्जंट होतं’ वगैरे काहीतरी मी पुढे केलं असतं. तिने तेवढीही सोय ठेवली नाही.

तेव्हापासून एक प्रयोग सारखा आठवतोय. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी तो १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेत प्रिन्स्टनमध्ये धर्मशिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटं भाषण करायचं होतं. काहींचा विषयच होता बायबलमधली गोष्ट, जखमी वाटसरूसाठी थांबलेल्या परक्या माणसाची. वाटेत एक माणूस मुद्दाम कण्हत बसवला होता. ज्यांना ‘उशीर झालाय’ म्हणून पिटाळलं होतं त्यांच्यातले १० टक्केच मदतीला थांबले, घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के. भाषणाचा विषय कोणता, याने फारसा फरक पडला नाही. काही जण तर त्याला ओलांडून पुढे गेले.

ही मुलं ढोंगी होती असं मी म्हणणार नाही. घाईने, सवयीने माणूस आपल्याच शब्दाला चुकतो. तू चुकतोस, मी चुकतो. ढोंग सुरू होतं ते चुकल्यावर झाकपाक करायला लागलो की. आणि रागावू नकोस, पण तुझं गप्प बसणंही मला झाकपाकच वाटतं. तुझी लाज वाचेल, पोराच्या हातातली सिगारेट तशीच राहील. निकोटिन एकदा अंगात मुरलं की काय होतं, हे त्याला तुझ्याइतकं खरं कोण सांगणार?

१९९२ चा आणखी एक प्रयोग आहे, मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरनसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. पोहून बाहेर आलेल्या मुलींना आधी त्या स्वतः किती पाणी वाया घालवतात ते विचारलं, मग ‘पाणी जपून वापरा’ अशा आवाहनावर सही करायला लावली. काहीच न विचारलेल्या मुली शॉवरखाली सुमारे पाच मिनिटं होत्या, या मात्र साडेतीन-पावणेचार मिनिटांत बाहेर आल्या. दुसऱ्याला सांगायचं आणि त्याच वेळी आपलं वागणंही समोर ठेवायचं, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की आतून बोचतं. ती बोच मला फार मोलाची वाटते.

मी त्या रात्री लेकीला सांगितलं, “मी चुकलो, आणि ही पहिली वेळ नव्हती.” दुसरं वाक्य जिभेवर यायला फार वेळ लागला. आता गाडीत बसलो की ती हात पुढे करते आणि मी फोन तिच्याकडे देतो. एकटा असलो की मागच्या सीटवर ठेवतो. दोनदा विसरलो, तेही तिला सांगितलं.

तूही त्याला घेऊन बस. पहिली सिगारेट कुणी दिली, किती वेळा सोडली आणि कशी परत धरलीस, जिना चढताना मधे का थांबतोस, सगळं सांग. पाकीट खिशातून काढून समोर ठेव. तो काय म्हणाला ते मला लगेच कळव, मी वाट बघतोय.

तुझाच