मनूला, विटाव्याच्या क्लिनिकबद्दल

मनू,

फोन केला की तू "आई, पेशंट आहे, नंतर करते" म्हणतेस आणि ते नंतर काही येत नाही, म्हणून लिहितेय. रविवारी जेवताना जे झालं ते झालं. तू ताटावरून उठलीस ते बाबांना लागलंय, मला नाही, म्हणजे मलाही लागलंय पण ते जाऊ दे. तुझा समज झालाय की आईला सर्जन मुलगी पाहिजे होती आणि विटाव्यात गाळा घेऊन ताप-खोकला बघणारी मुलगी नकोय. तसं नाहीये ग. आत्या जे बोलली ते आत्याचं बोलणं, "एमएस करून दवाखाना टाकायचा होता तर एवढी वर्षं कशाला घालवली" हे माझ्या तोंडून कधी आलेलं नाही आणि येणारही नाही. तुझ्या शिक्षणासाठी मोडलेल्या पाटल्यांचा विषय पण मी काढणार नाही, बाबांनाही तसं सांगून ठेवलंय.

तू हॉस्पिटल का सोडलंस ते मला कळलंय. त्या ऐरोलीच्या बाईंचं तू सांगितलंस तेव्हाच कळलं होतं. चप्पल लागून अंगठ्याला फोड आला, शुगरमुळे पायाला संवेदनाच नाही म्हणून दुखलं नाही, हळद लावली, कुणीतरी पावडर दिली, आणि तुझ्यापर्यंत आल्या तेव्हा पाऊल काळं पडलेलं. तू गुडघ्याखालून पाय काढलास, टाके सुरेख आले, घरचे थँक्यू मॅडम म्हणाले, आणि रात्री घरी येऊन तू मला म्हणालीस की आई, दोन महिने आधी कुणी नुसती त्यांची चप्पल काढून पाय बघितला असता तर माझं कामच नव्हतं. वर त्या हॉस्पिटलमधली महिन्याची मीटिंग, ओपीडीतले किती पेशंट ऑपरेशनला आले त्याचा तक्ता दाखवायचा. मी ज्या दिवसांत ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, सिस्टर म्हणून ट्रॉली लावायचे तेव्हा असलं काही नव्हतं, निदान आमच्यासमोर तरी कुणी बोलत नव्हतं. तू तिथून बाहेर पडलीस याचं मला वाईट वाटत नाही. खरंच नाही.

मला फक्त एवढंच म्हणायचंय की तू तिथे एकटी बसणार आहेस.

हे रविवारीही मला असंच सांगायचं होतं पण निघालं भलतंच, "मी येऊन बसते संध्याकाळी" म्हणाले आणि तू म्हणालीस "आई प्लीज, मला तिथे तुझी ड्युटी नकोय." बरं. माझी नको. पण माझं पूर्ण ऐकून घे.

तू आजपर्यंत कधी एकटीने काम केलेलंच नाहीस. ओटीमध्ये सर्जन एकटा असतो असं बाहेरच्यांना वाटतं, तुला नि मला माहितीये काय असतं ते. डोक्याशी भूल देणारे, समोर असिस्टंट, बाजूला स्क्रब सिस्टर, मागे फ्लोअर सिस्टर, दारात वॉर्डबॉय. पोट बंद करायच्या आधी मॉप, रक्त टिपायची ती कापडं, कोण मोजतं? तू नाही मोजत, सिस्टर मोजते, मोठ्याने, आणि फ्लोअरवाली परत मोजते, आणि जुळलं नाही तर कितीही मोठे सर असले तरी टाक्याची सुई हातात धरून थांबावंच लागतं. मी थांबवलेलं आहे. चिडलेल्या सरांना थांबवलंय आणि मॉप आत सापडलाय. 2008 मध्ये डब्ल्यूएचओची, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची, ऑपरेशनची चेकलिस्ट आली, ती आम्ही ओटीच्या भिंतीवर चिकटवली तेव्हा काही जण हसले होते की पेशंटचं नाव विचारायला काय कागद लागतो. पुढच्याच वर्षी आठ शहरांतल्या हॉस्पिटलांचा अभ्यास छापून आला, आपली दिल्लीही होती त्यात, ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून 0.8 वर आलेले. औषध नवीन नाही, मशीन नवीन नाही, फक्त एकमेकांना मोठ्याने विचारायचं. आणि आता तू अशा खोलीत बसणार जिथे तुला मोठ्याने विचारणारं कुणी नाही.

तू म्हणशील जनरल प्रॅक्टिसमध्ये कुठे पोट उघडायचंय. उघडायचं नाही, मान्य. पण तिथे आजार आधी कळत नाही ग. तुझ्याकडे ओटीत पेशंट यायचा तो सोनोग्राफी, सीटी, रक्त सगळं होऊन, आजाराचं नाव कागदावर लिहून यायचा. इथे माणूस नुसता "अंगात कसकस" घेऊन येणार. तोच ताप, त्यात एक डेंग्यू, एक मलेरिया, एक टायफॉइड आणि बाकीचे आपोआप बरे होणारे, आणि पहिल्या दिवशी सगळे सारखेच दिसणार. डेंग्यूत तर ताप उतरला की घरचे खूश होतात आणि प्लेटलेट आणि बीपी नेमके तेव्हाच पडतात. तुला हे शिकवायला नको, तू नौपाड्याच्या डॉक्टर मॅडमकडे बसतेस सकाळी ते मला फार बरं वाटलं, एवढ्या डिग्र्या घेऊन परत कुणाच्या तरी बाजूला स्टूलवर बसून लहान मुलांचे डोस शिकणं सगळ्यांना जमत नाही. बाबांनी ते सोसायटीत तीन जणांना सांगितलंय, तुला सांगणार नाहीत.

विटावा तू निवडलंस तेही मला पटलंय, हे पण रविवारी राहून गेलं. दिघ्यापासून पुढे सगळी एमआयडीसी, कुणाचं बोट मशीनमध्ये चेमटलेलं, कुणाला गळू, कुणाचं नख आत गेलेलं, त्यांना आत्ता कळव्याच्या हॉस्पिटलात लाईन लावावी लागते आणि दिवसाचा पगार जातो. तू ते तिथल्या तिथे करशील आणि तुझ्यासारखं कुणी करणार नाही. तुझे हात मला माहितीयेत. एमएसच्या पहिल्या वर्षी तू किचनच्या ड्रॉवरच्या हँडलला काळ्या रेशमाने एका हाताच्या गाठी मारत बसायचीस, मी भाजी चिरत असायचे आणि तू गप्पा मारता मारता न बघता गाठ, गाठ, गाठ, आणि मी मनात म्हणायचे की हिची बोटं आमच्या जुन्या युनिटच्या सरांसारखी चालतात. ते तुला तेव्हा सांगितलं नाही, तू शेफारशील म्हणून. आजी मात्र ओरडायची, ड्रॉवर उघडत नाही म्हणून.

आणि पावसात त्या रेल्वे पुलाखाली पाणी भरतं ते तू बघितलंयस. त्या पाण्यातून लोक कामावर जाणार आणि आठवड्याने ताप घेऊन तुझ्याकडे येणार. तुला 26 जुलै 2005 आठवतो का, तू आठवीत होतीस, मी हॉस्पिटलमध्येच अडकले आणि तू नि आजी मेणबत्ती लावून जागत होतात. सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला म्हणून सगळे तो एक दिवस सांगतात, पण आमचा खरा त्रास ऑगस्टमध्ये सुरू झाला. ओटीच्या सिस्टरना सुद्धा वॉर्डात पाठवलं होतं. एकेक पेशंट, डोळे लाल, पोटऱ्या इतक्या दुखतात की चादर लागली तरी ओरडायचा, काहींना कावीळ, काहींची लघवी बंद. प्रत्येकाच्या उशाशी कुठल्या ना कुठल्या दवाखान्यातल्या गोळ्यांची पुडी. चार-चार दिवस तापाच्या गोळ्या खाल्लेल्या, आणि त्यातल्या किती जणांना "पाण्यातून चालला होतात का, पायाला जखम होती का" हे विचारलं गेलं होतं? आमच्या वॉर्डात एक रेसिडेंट डॉक्टर मुलगी होती, बारीकशी, ती प्रत्येकाची पोटरी दाबून बघायची आणि हाच एक प्रश्न विचारायची. लेप्टो, उंदरांच्या लघवीने खराब झालेल्या पाण्यातून होणारा तो ताप, वेळेत धरला तर साध्या डॉक्सीसायक्लिनच्या गोळीवर माणूस वाचतो, उशीर झाला की डायलिसिस. तू विटाव्यात तो प्रश्न विचारशील ना, प्रत्येकाला, गर्दी असली तरी. विचारशीलच. मी उगाच लिहितेय.

पण गर्दी असली तर बाहेर कोण बघणार, तेच मला सुचत नाहीये.

आमच्या चाळीतले डॉक्टरकाका तुला आठवणार नाहीत, तू फार लहान होतीस. लाल औषध बाटलीत भरून द्यायचे आणि बाटलीला कातरलेली कागदाची पट्टी चिकटवलेली, एका खाचेपर्यंत एक डोस. पण ती पट्टी काका नव्हते कातरत, कंपाउंडर कातरायचे. त्यांना प्रत्येक घर माहीत होतं, कुणाची सून बाळंत व्हायचीय, कोण खोकला लपवतंय. एकदा बाकड्यावर दहा-बारा जण बसलेले आणि वरच्या मजल्यावरचे आजोबा शेवटी, "ॲसिडिटी झालीय, माझं काय, नंबर येईल तेव्हा जातो" म्हणत. कंपाउंडरनी बाटली खाली ठेवली, त्यांच्या कपाळावरचा घाम बघितला, आणि नंबर बिंबर न बघता पडदा सारून काकांना बाहेर ओढून आणलं. टॅक्सीत घालून नेलं, आजोबा पुढे कितीतरी वर्षं गॅलरीत पेपर वाचत बसलेले मी बघितलेत. काका आत एका मुलाचा कान तपासत होते. त्यांना बाहेरचं काय दिसणार होतं? तुझा गाळा तर लांबट आहे, मध्ये काचेचं पार्टिशन टाकणार म्हणतेस, तेही दुधी काचेचं.

आता ऐक, हे लिहून ठेव. ॲड्रिनलिन ट्रेमध्ये वरच ठेव, कपाटात कुलपात नको, इंजेक्शनची रिॲक्शन आली तर अर्धा एमएल मांडीत, त्या वेळी किल्ली शोधायची नसते. हाताने श्वास द्यायची ॲम्बू बॅग मोठ्यांची आणि मुलांची, दोन्ही. ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर आणि त्याचा पाना सिलिंडरलाच बांधून. ईसीजी मशीन पहिल्या दिवसापासून पाहिजे, फर्निचर नंतर, छातीत दुखतंय म्हणणाऱ्याचा दहा मिनिटांत निघाला पाहिजे, आणि ॲस्पिरिन चावून खायला द्यायची, गिळायची नाही. सुया पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, आणि ते स्वतः करू नकोस घाईत, माझ्या बरोबरीच्या एका सिस्टरला वापरलेल्या सुईला परत टोपण लावताना ती टोचली होती आणि पुढचे महिने तिने कसे काढले ते मी बघितलंय. सुई मारा, सलाईन लावा म्हणून लोक अडून बसतील, नाही म्हण. फी 200 ठेव, कमी नको, उधारी मात्र दे.

सॉरी. परत लेक्चर झालं. तू एमएस आहेस आणि मी तुला ॲड्रिनलिन कुठे मारायचं सांगतेय. पण यातलं प्रत्येक काम करताना, बघ ना, दुसरा हात लागतो. एकजण छाती दाबत असेल तर 108 ला फोन कोण लावणार?

आणि दुसरंही आहे, ते मी रविवारी बाबांसमोर बोलले नाही. रात्री साडेनऊ-दहाला शेवटचा पेशंट, शटर ओढायचं, गल्ल्यात रोख, बाहेर कोण उभं असेल सांगता येत नाही. ऑगस्ट 2024 ला कोलकात्याच्या हॉस्पिटलात ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीला मारल्याची बातमी आली त्यानंतर तू नाईटला असलीस की मला झोप लागायची नाही. तू म्हणालीस ते तर हॉस्पिटलमध्येच झालं ना आई, मग हॉस्पिटल कुठे सेफ आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. आणि समजा कुणी दगावलं, तुझा दोष नसताना, आणि दहा-पंधरा माणसं आली तर? डॉक्टरांवर हात उचलणाऱ्यांसाठी आपल्याकडे 2010 चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 पर्यंत दंड, मला माहितीये, आमच्या हॉस्पिटलात त्याचा बोर्ड लावलेला होता आणि त्या बोर्डाखालीच एका रेसिडेंटला मारलं होतं. तिथे निदान आम्ही चार सिस्टर मध्ये पडलो. तुझ्यासाठी मध्ये कोण पडणार?

घाबरवत नाहीये. तू घाबरणारी नाहीस हेही मला माहितीये, कोविडमध्ये तू एमएसच्या शेवटच्या वर्षाला होतीस आणि पीपीई घालून अपेंडिक्स केलंस, चष्म्यावर वाफ धरलेली असताना, आणि घरी व्हिडिओ कॉलवर मला हसून सांगितलंस. मी त्या रात्री देवापाशी बसले होते आणि दुसऱ्या दिवशी मात्र खाली वाणसामानवाल्यालाही सांगितलं की आमच्या मुलीने कोविडवाल्याचं ऑपरेशन केलं. अभिमान आणि भीती मला वेगळी करता येत नाही तुझ्या बाबतीत.

तर माझं म्हणणं एवढंच. खारीगावची सुलूमावशी, माझ्याबरोबर ट्रेनिंगला होती, नंतर बरीच वर्षं कॅज्युअल्टीत, ती रिटायर होऊन घरी कंटाळलीय. तिला दारातून आत येणारा माणूस बघून कळतं कोण बसू शकतो आणि कोण नाही. मी तिला तुझं नाव न सांगता सहज विचारलं, संध्याकाळी सहा ते दहा यायला तयार आहे, आणि तिचा मुलगा रात्री बाईकवर न्यायला येतो म्हणजे शटर ओढेपर्यंत दोघं असतील. पगाराचं तू बोल तिच्याशी, मी मध्ये येणार नाही, कमी पडले तर पहिले सहा महिने माझ्या पेन्शनमधून घे आणि तिला कळू देऊ नकोस. आणि ते पार्टिशन साध्या काचेचं कर, खालून अर्धं दुधी चालेल, तू खुर्चीत बसलीस की बाकडं दिसलं पाहिजे.

शनिवारी बाबा प्लंबरला घेऊन येतायत. बेसिनला कोपराने उघडणारा नळ लावायचाय, तो त्यांनी आणून ठेवलाय, तू दुसरा घेऊ नकोस. ते स्वतःहून रविवारचं काही काढणार नाहीत, तूही काढू नकोस, चहा कर. सुलूमावशीचं काय ते मला मेसेज कर, फोन नको, फोनवर आपण दोघी भांडतो.

आई